उजवीकडून बांधलेली फाईल

जामबागेतल्या त्या जिन्याची पहिली पायरी चढण्याआधी एकनाथराव नेहमी तीन दिशांना बघून घेत. चौथ्या दिशेला भिंत होती. वर काही वावगं चालत असे, अशातला भाग नाही. वर वेंकटरत्नम् यांचं कमर्शियल कॉलेज होतं आणि संध्याकाळी सहा ते आठ तिथं टाइपरायटिंग, पत्रव्यवहार आणि ऑफिसची कामकाजपद्धत शिकवीत. एकनाथराव तिथं पत्ते कुटायला जात असते, तर त्यांना निम्मीसुद्धा लाज वाटली नसती. पण पंचेचाळिसावं वर्ष उलटलेल्या, हाताखाली सहा कारकून बाळगणाऱ्या माणसानं 'डियर सर'नंतर स्वल्पविराम कुठं द्यायचा हे शिकायला पोराटोरांच्या बाकावर जाऊन बसायचं! ही गोष्ट मलकपेठेत कळली असती, तर एकनाथरावांना घर बदलावं लागलं असतं. निदान त्यांना तरी तसं वाटे.

साल छप्पन्न. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले होते. मराठवाडा मुंबईला, कानडी जिल्हे म्हैसूरला, आणि उरलेलं राज्य शहरासकट आंध्राला जोडलं जायचं होतं. वरचे लोक नकाशे वाटत होते तसे एकनाथरावांच्या ऑफिसात कपाटं, खुर्च्या आणि पंखे वाटणं चालू होतं. सात पंख्यांचे तीन भाग कसे करायचे यावर दोन बैठका होऊन गेल्या होत्या. त्यातच एक दिवस सर्क्युलर आलं, की सेक्शनच्या प्रमुखांनी इंग्रजी कामकाजाचं सर्टिफिकेट पहिल्या नोव्हेंबरच्या आत दाखल करावं, नाहीतर त्यांची नेमणूक एक पायरी खाली धरण्यात येईल.

आता एकनाथरावांची सगळी नोकरी उर्दूत झालेली. त्यांच्या उर्दू मसुद्याची तारीफ एके काळी दोन खाती सोडून तिसऱ्या खात्यात होत असे. पोलीस ॲक्शननंतर ऑफिसात इंग्रजी आलं, तेव्हा त्यांनी ते हुशारीनं हाताखालच्या एका तरुण कारकुनाकडं सोपवलं आणि स्वतः फक्त सही ठेवली. तो कारकून आता म्हैसूरच्या वाटणीला गेला होता. सही तेवढी एकनाथरावांकडं उरली होती.

कॉलेजात प्रवेश मिळवणं हेच एक प्रकरण झालं. त्यांचा शाळेचा दाखला उर्दूत. त्याचं इंग्रजी भाषांतर करून त्यावर गॅझेटेड ऑफिसरची सही आणायला तीन आठवडे गेले. एका ऑफिसरला भाषांतर वाचता येईना, दुसऱ्याला मूळ. शेवटी सही मिळाली, पण भाषांतर करणाऱ्यानं जन्माचं साल जुन्या फसली सनातलंच ठेवलं होतं. वेंकटरत्नम् यांनी चष्मा वर करून दाखला पाहिला, कागदावर वजाबाकी केली आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, "एकनाथराव गारू, एज लिमिट तो नहीं है. लेकिन इस हिसाब से आपकी उमर छे सौ छत्तीस होती."

वर्गात बाराजण होते. अकरा विशीच्या आतबाहेरचे, आणि बारावे हे सहाशे छत्तीस वर्षांचे.

पहिल्याच संध्याकाळी त्यांना घाम फुटला तो टाइपरायटरमुळं नव्हे. शेजारच्या मशीनवर सरू बसली होती. सरू म्हणजे त्यांच्याच ऑफिसातल्या शंकर चपराशाची मुलगी. मॅट्रिक झालेली, तेलकट दोन वेण्यांची, मान खाली घालून भराभरा टाइप करणारी. तिनं त्यांना पाहिलं, उठून नमस्कार केला आणि पुन्हा मान खाली घातली. एकनाथराव तिच्याकडं झुकून हळूच म्हणाले, "सरू, घरी काही बोलू नकोस हं."

"कशाबद्दल, साहेब?" सरूनं विचारलं.

पोरगी अंमळ मंद दिसते, असं मनाशी म्हणून एकनाथराव निर्धास्त झाले.

खरी पंचाईत आठ वाजता होती. लेकीला न्यायला शंकर रोज जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राही. पहिल्या दिवशी जिना उतरताना त्याची ती बुटकी आकृती दिसली, तेव्हा एकनाथराव दोन पायऱ्या उलटे वर चढले होते. पण नशीब बलवत्तर! शंकर पाठमोरा होता. कॉलेजचा मोठा बोर्ड भिंतीवर लावलेला होता, त्याच्याकडं तोंड करून तो मन लावून वाचत होता. एकनाथराव मांजराच्या पावलांनी मागून निसटले आणि सायकलवर टांग टाकून पसार झाले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्या बोर्डात एवढं काय होतं कोण जाणे, पण शंकरला तो फार आवडलेला दिसत होता. चार महिन्यांत एकदाही त्यानं मान वळवली नाही.

बाहेरची बाजू अशी सांभाळली गेली, घरात मात्र संशय शिरला. मलकपेठेत रेसकोर्स आहे. त्यामुळं तिथला एखादा संसारी माणूस अचानक रात्री साडेआठला घरी येऊ लागला आणि त्याच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा सापडला, की शेजारी जो अर्थ लावायचा तो लावतात. शेजारचे आबासाहेब स्वतः दर मोसमाला घोड्यांवर पैसे लावणारे. त्यांनी एकदा कुंपणावरून डोळा मारून विचारलं, "काय एकनाथराव, एकटे एकटेच? आम्हालाबी सांगा की एखादं नाव!" हे पद्मावतीबाईंनी ऐकलं. त्यांनी त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या खुंटीवरच्या बुशशर्टचे खिसे तपासले, आणि त्यात एक कागद निघाला. वरपासून खालपर्यंत इंग्रजी अक्षरं, तीच तीच, ओळीनं.

पद्मावतीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी अफझलगंजहून भावाला, हिम्मतरावांना बोलावणं धाडलं. हिम्मतरावांचं तिथं दोरखंडाचं दुकान होतं आणि इंग्रजी चौथीपर्यंत झालेलं होतं. त्यांनी कागद दिव्याजवळ धरला. "ए एस डी एफ, ए एस डी एफ," त्यांनी वाचलं आणि गंभीर चेहरा केला. "अक्का, ही खूण हाय. घोड्यांची नावं अशी लपवून लिहितेत."

एकनाथराव घरात शिरले तेव्हा बायको डोळ्यांना पदर लावून आणि मेव्हणा मांडीवर मूठ आपटत बसलेला.

"दाजी, काय करू लालेत तुम्ही? खरं सांगा. कुठं जाऊ लालेत रोज?"

"जामबागेत. कॉलेजात," एकनाथराव म्हणाले. इथवर ते सत्य होतं.

"कॉलेजात तुम्ही कायकू?"

"तिथं... ऑफिसच्या कामकाजावर लेक्चर असतं." हेही सत्य होतं.

"लेक्चर!" हिम्मतराव उभेच राहिले. "अक्का, दाजी लेक्चर देऊ लालेत कॉलेजात! आन् आपण काय बोलू लालो!"

एकनाथरावांनी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगायचं तर ते खरं सांगणारही होते. पण पद्मावतीबाईंनी पदर डोळ्यांवरून काढला आणि त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जी नजर एकनाथरावांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर पाहिली नव्हती. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. मिटलेल्या तोंडामुळं माणसं जेवढी फसतात, तेवढी बोलण्यामुळं फसत नाहीत, असं आमचं मत आहे.

त्यानंतर मलकपेठेतली ती गल्ली एकनाथरावांच्या मागं लागली. आबासाहेब म्हणाले, की प्रोफेसरानं बुशशर्ट घालून जाणं बरं दिसत नाही, शेरवानी पाहिजे. मग जुनी काळी शेरवानी पेटीतून निघाली आणि एकनाथराव ऑक्टोबरच्या उकाड्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावून टाइपरायटरसमोर बसू लागले. ओळ संपून मशीनचा दांडा सरकवला, की बाही त्यात अडके आणि पुढली ओळ मागच्या ओळीवर चढे. हिम्मतरावांनी घसा बसू नये म्हणून खडीसाखरेची मोठी पुडी आणून दिली. पद्मावतीबाई रोज त्यातली मूठभर खिशात घालून पाठवीत. चार महिने ज्या घशातून वर्गात 'यस सर'पलीकडं अक्षर निघालं नव्हतं, त्या घशाखाली अशी शेर-दीड शेर खडीसाखर गेली. कधीकधी ते चार खडे सरूपुढं करीत. सरू एकच उचले.

मधल्या काळात शंकर दसऱ्याला आठ दिवसांची रजा काढून नागपूरला जाऊन आला. आल्यावर त्याच्या सलामात फरक पडला. आधी तो कमरेत वाकत असे, आता ताठ उभा राहून नमस्कार करू लागला. एकनाथरावांना ते थोडं खटकलं. चपराशांपैकी हैदराबादेत कोणाला ठेवायचं आणि औरंगाबादेकडं कोणाला धाडायचं, याची यादी त्यांच्याच टेबलावर होती. शंकरच्या नावापुढं त्यांनी अजून काही लिहिलं नव्हतं. पण जिन्याखाली मात्र नागपूरहून आल्यावरही तो पूर्वीसारखाच बोर्ड वाचत उभा राही.

मग परीक्षा आली. टाइपिंगमध्ये एकनाथराव कसेबसे तरले. शेवटचा पेपर प्रत्यक्ष कामाचा. प्रत्येकाला चाळीस पत्रं दिली होती, ती तारीखवार लावून फाईल बांधायची. चाळीस! एकनाथराव मनाशी हसले. त्यांनी बावीस वर्षांत हजारो मिसली बांधल्या होत्या. इतरांची पत्रं अजून टेबलावर पसरलेली असताना यांची फाईल लाल फीत आवळून तयार होती. गाठही अशी तशी नव्हे. दुमडून आत घेतलेली, एका ओढीत सुटणारी. नोकरीला लागले त्या महिन्यात ती त्यांना शंकरनं शिकवली होती, पण ही गोष्ट एकनाथराव केव्हाच विसरून गेले होते.

वेंकटरत्नम् यांचा दंडक असा, की फाइलींवर नाव घालायचं नाही. "मैं चेहरा देखके मार्क नहीं देता." दोन दिवसांनी सगळ्या फाइली टेबलावर मांडून ते एकेक वर धरीत आणि ज्याची असेल तो उठून घेऊन जाई. नऊ फाइली गेल्या. दहावी त्यांनी दोन बोटांत धरून उचलली.

"ये देखो," ते म्हणाले आणि त्यांनी कव्हर उघडलं. पहिलंच पत्र शेवटच्या तारखेचं निघालं, तेही पाठीकडून. भोकं पाडलेली उजव्या बाजूला, फीत उजव्या बाजूला, सगळी फाईल उर्दू मिसलीसारखी उजवीकडून उघडणारी. इंग्रजी पत्रं वाचायची तर फाईल पालथी करून मागं मागं जावं लागत होतं. "चालीस लेटर, एक भी सीधा नहीं. इसको झीरो." वर्ग खो खो हसला. एकनाथरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांच्या हातांनी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. बावीस वर्षं जसं केलं तसं करून हात मोकळे झाले होते.

"किसका है?"

कोणी उठलं नाही. वेंकटरत्नम् यांची नजर गाठीवर गेली. "ये गाठ तो मैं पहचानता. सरू, तू अपनी किताबें ऐसेच बांधती ना? तेरे बाप ने सिखाया बोली थी."

सरूनं मान वळवून एकनाथरावांकडं पाहिलं. एकनाथराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. त्यावर बिस्किटाचा डबा घेतलेली एक बाई होती. तिच्याकडं त्यांनी उभ्या आयुष्यात कुठल्या बाईकडं पाहिलं नसेल इतका वेळ पाहिलं.

"जी सर," सरू म्हणाली. "माझी."

मग अकरावी फाईल वर आली. नीटनेटकी, डावीकडून बांधलेली, गाठ वर्गात शिकवलेली, पहिल्या पानावर सूची. पैकीच्या पैकी मार्क. ही कोणाची म्हटल्यावर पुन्हा कोणी उठेना. बाराजणांतला एक मुलगा तापानं आजारी पडून परीक्षेलाच आला नव्हता, तेव्हा हिशेब सोपा होता. "अरे, फिर तो ये एकनाथराव गारू का!" वेंकटरत्नम् आनंदानं ओरडले आणि त्यांनी स्वतः ती फाईल आणून एकनाथरावांच्या हातात ठेवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरूनंही वाजवल्या.

एकनाथराव काहीच बोलले नाहीत. म्हणजे पुन्हा एकदा काहीच बोलले नाहीत.

त्या रात्री जेवण गेलं नाही. सरूला सर्टिफिकेट मिळालं की तिला एका वकिलाकडं टायपिस्टची जागा मिळायची होती, हे तिनंच मागं सांगितलं होतं. आता मिळणार नव्हती. आणि ती 'माझी' का म्हणाली? बापाचं नाव असलेली यादी साहेबांच्या टेबलावर आहे, म्हणून? की साहेबांची कीव आली, म्हणून? भीती की दया, हे एकनाथरावांना ठरवता येईना, आणि दोन्हीपैकी काहीही निघालं तरी आपली सुटका नाही हेही कळत होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज याआधी कधीच वाटली नव्हती. सकाळी वेंकटरत्नम् यांना जाऊन सांगायचं ठरवून ते झोपले. सकाळी ऑफिसात पंख्यांची तिसरी बैठक होती. नंतरच्या दिवशी आणखी काही होतं. असं करत करत रविवार उजाडला. त्या दिवशी सर्टिफिकेट वाटण्याचा समारंभ होता.

हिम्मतरावांनी कॉलेजची छापील निमंत्रणपत्रिका कुठूनतरी पैदा केली होती. तीत एकनाथरावांचं नाव नव्हतं. "छापणारे गाढव हायेत," असा निकाल देऊन त्यांनी टांगा ठरवला आणि मोगऱ्याचा हातभर हार आणला.

"अगं, तिथं बायका नसतात," एकनाथराव म्हणाले.

"असू दे की नसू दे. बावीस वर्षांत तुमच्या ऑफिसचा दरवाजासुद्धा दाखवला नाहीत मला. आज मी येणार," पद्मावतीबाई म्हणाल्या. त्यांनी लग्नातली पैठणी काढली होती.

टांग्यात आबासाहेबही चढले. कॉलेजात पहिल्या रांगेत ही मंडळी बसली. एकनाथराव शेरवानीत, विद्यार्थ्यांच्या बाकाच्या टोकाला अर्धे बसलेले, म्हणजे बघणाराला ते बसलेत की पोरांवर देखरेख ठेवताहेत हे कळू नये.

वेंकटरत्नम् उभे राहिले. "फाइलिंग में फर्स्ट प्राइझ. बावीस साल का सर्व्हिस होके भी जो हमारे बच्चों के साथ बेंच पे बैठके पढे, वो हमारे स्टूडंट, श्री एकनाथराव!"

"स्टूडंट?" हिम्मतरावांचा आवाज दोरखंडाच्या बाजारात कमावलेला. तो सगळ्या हॉलमध्ये गेला. "दाजी, तुम्ही शिकू लालेत?"

एकनाथरावांनी पद्मावतीबाईंकडं पाहिलं नाही. ते व्यासपीठावर गेले. चार महिने ज्या गोष्टीला भ्यायले ती घडून गेली होती, आणि गंमत अशी की तिचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं, कारण याहून वाईट गोष्ट त्यांच्या पोटात होती. सर्टिफिकेट घेऊन पळावं एवढाच विचार. पण वेंकटरत्नम् सोडतात कुठले! त्यांनी टेबलावर दहा पत्रं, भोकं पाडायचा पंच आणि लाल फीत ठेवली. "पब्लिक को दिखाओ, परफेक्ट फाईल कैसा बांधते."

एकनाथरावांनी पत्रं हातात घेतली. डावीकडून, डावीकडून, असं ते मनात घोकत होते. पण समोर शेपन्नास माणसं, गळ्याशी शेरवानीची गुंडी, आणि मेव्हण्याच्या हातात लोंबणारा हार. हातांनी पुन्हा एकदा कोणाला न विचारता काम उरकलं. पत्रं उलटली, उजव्या बाजूला भोकं पाडली, फीत ओवली, गाठ दुमडून आत घेतली. ते वर बघतात तो वेंकटरत्नम् त्या गाठीकडं टक लावून बघत होते.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. बाहेरच्या कोणाला काही कळलंच नव्हतं. वेंकटरत्नम् सभ्य गृहस्थ. ते हळूच म्हणाले, "नर्व्हस हो गए. होता है." आणि त्यांनी सर्टिफिकेट पुढं केलं.

ते घ्यायचं आणि खाली उतरायचं, एवढंच काम होतं.

"सर," एकनाथराव म्हणाले, आणि खडीसाखरेनं जपलेला तो घसा आज नेमका बसला. "ती उजवीकडची फाईल माझी होती. चांगली होती ती सरूची. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं. हे तिला द्या."

सरूला बाकावरून उठवायला दोन मुलींना तिला ढकलावं लागलं. ती वर आली, तिनं सर्टिफिकेट घेतलं आणि एकनाथरावांकडं बघायचं टाळलं. तिलाच लाज वाटत होती, आणि ते पाहून एकनाथरावांना जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं. हिम्मतराव हार घेऊन उभे होते. तो कोणाला घालायचा हे त्यांना उमजेना. शेवटी पद्मावतीबाई उठल्या, त्यांनी भावाच्या हातून हार घेतला आणि सरूच्या हातात दिला. मग त्या नवऱ्याकडं वळल्या. आता काय ऐकावं लागणार म्हणून एकनाथरावांनी डोळे मिटले.

"एवढी खडीसाखर मग कोण खाल्लं?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

"मीच," एकनाथराव म्हणाले.

समारंभ संपण्याची वाट न बघता ते जिना उतरू लागले. खाली शंकर होता. मुलगी नापास झाली म्हणून तो वर आला नव्हता, नुसता तिला न्यायला आला होता. आणि नेहमीप्रमाणं पाठमोरा होता. तोंड बोर्डाकडं.

एकनाथराव आज निसटले नाहीत. शेवटच्या पायरीवर थांबले आणि त्यांनी प्रथमच तो बोर्ड पाहिला. चांगला सहा फुटी, वरपासून खालपर्यंत इंग्रजी. त्यांना ऑफिसचं पगारपत्रक आठवलं. दर महिन्याला त्यावर शंकर अंगठा उठवी आणि अंगठ्याखाली साक्षीची सही एकनाथराव करीत. इंग्रजीच काय, शंकरला कुठलंच अक्षर वाचता येत नव्हतं. चार महिने, रोज आठ वाजता, तो माणूस भिंतीकडं तोंड करून नुसता उभा राहत आला होता, साहेबांना जाता यावं म्हणून.

"शंकरराव," एकनाथराव म्हणाले. बावीस वर्षांत हा 'राव' त्यांच्या तोंडून कधी गेला नव्हता.

पाठ हलली नाही. साहेब जाण्याची ती वाट बघत होती.

"शंकरराव, इकडं बघा. मी आहे."

शंकरराव वळले. त्यांनी एकनाथरावांकडं पाहिलं, शेरवानीकडं पाहिलं, आणि ऑफिसात विचारावं तसं विचारलं, "झालं का साहेब काम?"

"सरू पहिली आली," एकनाथराव म्हणाले. "मी नापास झालो." आणि हे म्हणताना त्यांनी आजूबाजूला कुठंच बघितलं नाही.